जुन्या मासिकांतील शाईचित्रे कशी वाचावीत : वर्ग, वस्तू आणि विदर्भातील गाव

विदर्भातील जुन्या मालगुजारांच्या व देशमुखांच्या वाड्यांत, तालुक्याच्या वाचनालयांत किंवा एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या कपाटात विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतील मराठी मासिकांचे बांधीव खंड अजूनही सापडतात. त्यांतील कथा-कवितांकडे अभ्यासकांचे लक्ष गेलेले आहे. मजकुराच्या मधोमध छापलेल्या काळ्या शाईच्या चित्रांकडे मात्र बहुतेक वाचक शोभेची गोष्ट म्हणून पाहतात आणि पान उलटतात. वास्तविक, शंभर वर्षांपूर्वी कोण कशावर बसत असे, कोणाच्या पायात वहाणा असत, कोणाच्या घरी कंदील आणि कोणाच्या घरी चिमणी जळत असे, आणि या फरकांकडे शिकलेला मराठी समाज कोणत्या नजरेने पाहत असे, याचा पुरावा या चित्रांत दाटीने साठलेला आहे. तो गावात राहून, मोजक्या साधनांनिशी कसा वाचावा आणि कसा नोंदवावा, हे येथे सांगितले आहे.

या कामात सतत विचारायचा प्रश्न एकच आहे : कलावंताने कोणासाठी किती रेषा खर्च केल्या? छायाचित्रात एखादी वस्तू अनवधानाने येऊ शकते. शाईचित्रात प्रत्येक रेष हाताने ओढावी लागते. सावकाराच्या तक्क्याची झालर एकेक दोरा दिसेल अशी काढलेली असेल आणि त्याच्या समोर बसलेल्या कास्तकाराचे पाय दोन फटकाऱ्यांत उरकलेले असतील, तर तो केवळ घाईचा परिणाम समजू नये. कोणाचे जग बारकाईने पाहण्याजोगे आहे, याचा निर्णय तेथे झालेला असतो.

आधी छपाई ओळखावी

अर्थ लावण्यापूर्वी चित्र कोणत्या पद्धतीने छापले आहे, ते ठरवावे. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग त्यासाठी पुरते. भिंगाखाली लहानमोठ्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते हाफटोन ब्लॉकवरून छापलेले छायाचित्र किंवा रंगचित्र असते. ठिपके नसून सलग काळ्या रेषा दिसल्या आणि रेषेच्या कडेला शाई किंचित दाबली जाऊन गडद झालेली दिसली, तर तो लाइन ब्लॉक असतो. पान तिरप्या उजेडात धरले, तर अनेकदा मागच्या बाजूला ब्लॉकच्या दाबाचा हलका उठावही दिसतो.

लाइन ब्लॉकसाठी पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेल्या चित्राचा फोटो घेत, तो प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत आणि रेषांखेरीजचा भाग नायट्रिक ॲसिडने खोल करून पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकीत. हा ठोकळा छपाईच्या खिळ्यांच्याच, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्याच, उंचीचा असल्यामुळे मजकुराबरोबर एकाच वेळी छापता येई. यातून वाचकाच्या उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, या पद्धतीत करडा रंग नसतो. जो काही मध्यम गडदपणा दिसतो, तो समांतर रेषांनी, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या जाळीने किंवा ठिपक्यांनी तयार केलेला असतो. दुसरी अशी की, मूळ चित्र सहसा छापील आकारापेक्षा मोठे काढून लहान केले जाई आणि लहान करताना फार जवळच्या रेषा भरून जात. त्यामुळे दागिन्याची नक्षी किंवा लुगड्याची किनार एखाद्या काळ्या पट्टीसारखी दिसली, तर ती साधीच होती, असा निष्कर्ष लगेच काढू नये.

कागदही पाहावा. हाफटोन चित्रे गुळगुळीत आर्ट पेपरवर उठून दिसत, म्हणून ती अनेकदा स्वतंत्र पानांवर येत. रेषाचित्रे मात्र खरखरीत, स्वस्त कागदावरही नीट उमटत. म्हणूनच कथेतील गडी, भाजीवाली, टांगेवाला यांची चित्रे रेषेत आहेत आणि संस्थानिकांचे, पुढाऱ्यांचे चेहरे आर्ट पेपरवर आहेत, अशी विभागणी एकाच अंकात दिसू शकते. आपल्या हाती असलेल्या खंडात ती कितपत आहे, हे मोजून लिहावे.

काळ आणि कलावंत

बांधीव खंडांतून अनेकदा मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने बांधणाऱ्याने काढून टाकलेली असतात, त्यामुळे अंकाचा महिना शोधण्यास वेळ लागतो. मासिकांच्या सनावळीची थोडी माहिती येथे कामी येते. 'मनोरंजन' १८९५ मध्ये सुरू झाले आणि त्याचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. पुण्याच्या चित्रशाळेचे 'चित्रमय जगत' १९१० पासूनचे. 'किर्लोस्कर खबर' १९२० ची, आणि तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतःच चित्रकार असल्यामुळे तिच्यातील रेषांना वेगळे वळण आहे. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात सही किंवा आद्याक्षरे शोधावीत. सही रोमन लिपीत असण्याचाही संभव असतो. ब्लॉक तयार करणाऱ्याचे नाव वेगळे असते आणि ते चित्रकाराचे समजण्याची चूक सहज होते.

या काळातील मराठी चित्रकारांत महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे नाव अटळ आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तेथेच शिकवलेल्या धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यांवरील निरनिराळ्या जातिधंद्यांची माणसे इतकी काढली की, ती पोस्टकार्डांवरही छापली गेली. योगायोगाने अमेरिकेतील चार्ल्स डाना गिब्सन या शाईचित्रकाराचीही जन्ममृत्यूची वर्षे नेमकी तीच आहेत. गिब्सनने उच्चवर्गीय, उंच, देखण्या पोशाखातील स्त्रिया काढून नाव मिळवले, तर त्याच सुमारास लंडनमध्ये फिल मे याने (१८६४–१९०३) फाटक्या कपड्यांतील रस्त्यावरची मुले अगदी थोड्या रेषांत उभी केली. या दोघांची चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर कमी रेषा म्हणजे नेहमीच कमी आदर असे नसते, हे ध्यानात येते. फिल मे याच्या थोड्या रेषांत माणूस पुरता उभा राहतो; घाईने उरकलेल्या गड्याच्या चित्रात तो उभा राहत नाही. हा फरक डोळ्यांना सवयीनेच कळू लागतो, आणि तो कळल्याशिवाय रेषांच्या मोजणीला अर्थ नाही.

कथा न वाचता वस्तूंची यादी करावी

चित्र हाती आल्यावर त्याखालची कथा आधी वाचू नये. कथेने एकदा 'गरीब विधवा' म्हटले की, आपल्याला चित्रातील प्रत्येक गोष्ट गरीब दिसू लागते. कोऱ्या कागदावर डावीकडून उजवीकडे, जमिनीपासून छपरापर्यंत, दिसेल ती वस्तू लिहावी आणि वस्तूच्या नावापुढे ती कोणाच्या हाती, अंगावर किंवा जवळ आहे हे लिहावे. ओळख पटत नसेल तेथे आकाराचे वर्णन करून पुढे जावे. यादी पूर्ण झाल्यावरच कथा वाचावी आणि कथेत उल्लेख नसलेल्या, म्हणजे चित्रकाराने स्वतःच्या मनाने घातलेल्या वस्तूंवर खूण करावी. माझ्या मते या खुणा केलेल्या वस्तूच सर्वांत मोलाच्या असतात, कारण वर्ग दाखवण्यासाठी चित्रकाराला कोणते सामान आपोआप सुचले, ते त्यांतून कळते.

यादीत आसनापासून सुरुवात केलेली बरी. खुर्ची, बंगई (झोपाळा), लोड-तक्क्यांची बैठक, सतरंजी, घोंगडी, बाज, पाट आणि उघडी जमीन ही चढउताराची पूर्ण शिडीच आहे, आणि तिच्यावर कोण कोठे आहे यापेक्षा कोणाचे डोळे कोणाच्या डोळ्यांच्या वर आहेत, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. सपरीत (ओसरीत) बसलेला मालक आणि अंगणात उभा असलेला सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) यांची उंची प्रत्यक्षात सारखी असली, तरी सपरीच्या ओट्यामुळे मालक बसूनही वरच राहतो. चित्रकाराला हे माहीत असते. उकिडवे बसणे, कमरेत वाकून उभे राहणे, काठी बगलेत धरून हात जोडणे या बसण्या-उभ्या राहण्याच्या रीतीही वस्तूंच्या यादीतच लिहाव्यात.

डोक्यावरचे वस्त्र काळ ठरवण्यासही उपयोगी पडते. पगडी, पागोटे, फेटा, रुमाल, गोल काळी टोपी यांवरून जात, धंदा, वय आणि शिक्षण एकदम दाखवता येई, म्हणून चित्रकार त्यांवर भरपूर विसंबत. पांढरी गांधी टोपी चित्रात आली, तर चित्र बहुधा असहकाराच्या चळवळीनंतरचे असते. ज्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर अंतिम शिक्कामोर्तब झाले, ते डिसेंबर १९२० मध्ये नागपुरातच भरले होते. उघड्या डोक्याचा पुरुष कोण आहे, हेही विचारावे : त्या काळी घराबाहेर बोडके जाणे अशोभनीय समजले जाई, त्यामुळे तसा माणूस एकतर शोकात, एकतर अगदी दरिद्री, नाहीतर नव्या वळणाचा तरुण असतो.

स्त्रियांच्या बाबतीत लुगडे कसे नेसले आहे ते पाहावे. कास खोचून गुडघ्यापर्यंत वर घेतलेले लुगडे काम करणाऱ्या बाईचे, घोट्यापर्यंत पोचणारे घरंदाज बाईचे, आणि चोळीऐवजी बाह्यांचे पोलके शिकलेल्या मुलीचे, असे संकेत चित्रकारांनी रूढ केलेले दिसतात. हे संकेत निरुपद्रवी नव्हते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मानलेल्या समाजातील स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जातीची खूण ठरलेले जड दागिने टाकून देण्यास सांगितले, ते पोशाखातून माणूस ओळखून त्याला खाली ठेवण्याची ही रीत मोडण्यासाठीच. अशा चित्रात गुडघ्यावरचे लुगडे दिसले की, ते पाहून काढलेले आहे की सवयीने, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भांड्यांमध्ये धातू आणि माती यांत फरक करता येतो. धातूच्या तांब्याला किंवा गुंडाला (पाण्याच्या मोठ्या भांड्याला) चित्रकार मध्ये कोरा पांढरा पट्टा ठेवून बाजूला एकदम गडद रेषा देतात, त्यामुळे चकाकी दिसते. मातीच्या मडक्याला एकसारख्या रेषा किंवा ठिपके असतात. परंतु पितळ आणि जर्मन (ॲल्युमिनियम) हे रेषेत वेगळे करता येत नाहीत, तांबे आणि पितळही नाही. तेथे 'धातू' एवढेच लिहावे. कापडाचेही तसेच आहे : मऊ, तलम कापडाला जवळजवळ आणि बारीक चुण्या, जाड्याभरड्या कापडाला थोड्या, कोनदार चुण्या. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, त्यामुळे आपल्या भागात गिरणीचे कापड त्या काळीही नवलाईचे नव्हते, आणि कोष्ट्यांच्या मागावरचे लुगडे गिरणीच्या कापडापेक्षा हलकेच असणार, असेही नाही. समई, चिमणी, कंदील, काचेच्या गोल हंडीचा टेबलावरचा दिवा हे दिव्यांचे प्रकार, छत्री, चष्मा, खिशातले घड्याळ, कपबशी, घासलेटच्या रिकाम्या डब्याचे केलेले पाण्याचे भांडे, या सगळ्यांची नोंद झाली पाहिजे.

पांढरा कागद कोणाच्या वाट्याला आला

शाईचित्रात करडा रंग नसल्यामुळे चेहऱ्याचा रंग दाखवायचा झाला, तर दोनच मार्ग असतात : कागद कोरा सोडणे किंवा त्यावर रेषा ओढणे. म्हणून प्रत्येक चित्रात कोणाचा चेहरा कोरा आहे आणि कोणाच्या चेहऱ्यावर, हातापायांवर रेषांची जाळी आहे, हे स्वतंत्रपणे लिहावे. चित्रात दिवा उजवीकडे असेल तर सर्वांच्या चेहऱ्याच्या, पाहणाऱ्याच्या डावीकडे येणाऱ्या बाजूवर सावली पडायला हवी. ती मालकाच्या चेहऱ्यावर नसून फक्त गड्याच्या अंगावर असेल, तर ती उजेडाची सावली नाही, दर्जाची आहे. ही तपासणी करण्यास दोन मिनिटे लागतात आणि तिच्यावर वाद घालता येत नाही, कारण दिव्याची जागा चित्रातच दिलेली असते. सर्वच चित्रकार असे करीत नाहीत. काहींच्या कामात उजेड सर्वांना सारखा मिळतो, आणि अशा चित्रकारांची नावे आवर्जून नोंदवावीत.

चित्राखालच्या ओळीही याच दृष्टीने उतरवून घ्याव्यात. 'रावसाहेब बोलू लागले' आणि 'रामा पाणी घेऊन आला' अशा क्रियापदांत वर्ग उघडपणे दिसतो, आणि तो चित्रातल्या उंचीशी बहुधा जुळतो.

चित्रातले खेडे आपले आहे काय?

येथे विदर्भातील वाचकाला असा अधिकार आहे, जो मुंबई-पुण्याच्या अभ्यासकाला नाही. ही मासिके प्रामुख्याने मुंबई-पुण्यात निघत आणि कथा वऱ्हाडात घडत असली, तरी चित्रकाराने पाहिलेले खेडे कोकणातील किंवा देशावरील असे. खेड्याच्या मागे नारळाचे किंवा सुपारीचे झाड दिसले, तर तेथे अडखळावे. आपल्याकडे तेथे निंब, बाभूळ, पळस, शिंदी किंवा पूर्वेकडे मोह हवा. घराचे छप्पर पाहावे : भंडारा-चांद्याकडे (चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर) कवेलूचे उतरते छप्पर असेल तर ठीक, पण बुलढाणा-अकोल्याकडच्या गावात धाब्याची सपाट छतेही हवीत. बैलगाडीची चाके, साटा आणि टप यांची ठेवण पाहून ती ओझ्याची बंडी आहे, बसण्याची दमणी आहे, की चित्रकाराने पुण्याच्या बाजारात पाहिलेली गाडी आहे, हे गावातील सुतार चटकन सांगतो. देशमुखीण बाईच्या गळ्यात काय आहे आणि शेतमजूर बाईच्या गळ्यात गरसोळी (काळ्या मण्यांची माळ) आहे की नाही, हे गावातील म्हाताऱ्या बायका सांगतात.

त्यांना विचारताना चित्र हाती द्यावे आणि वस्तूबद्दलच विचारावे. 'आजी, हे काय होय? तुमच्या घरी हे होतं काय? कोणाच्या घरी होतं?' एवढे तीन प्रश्न पुरतात. 'तुम्ही तेव्हा गरीब होता का?' असे कधीही विचारू नये. वस्तू कोणाच्या घरी होती याच्या उत्तरात ते आपोआप येते, आणि सांगणाऱ्याचा मान राहतो. ज्या घरी ती वस्तू अजून असेल, तेथे परवानगी घेऊन तिची उंची-रुंदी मोजावी आणि चित्रातील माणसाच्या मापाशी ताडून पाहावी. एकाच वस्तीतील माणसांना विचारून थांबू नये. वाड्यातील गुंडाबद्दल वाड्यातील माणूस एक सांगतो आणि तो गुंड रोज घासणाऱ्या घरातील माणूस दुसरेच सांगतो, आणि वस्तूचा इतिहास दोघांच्या सांगण्यातून तयार होतो.

छापील पुराव्याशीही ताडून पाहावे. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या जिल्हा गॅझेटियरांत, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथांत, पोशाख, घरे, दागिने आणि मजुरीचे दर यांवर माहिती आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांत वस्तूंची वर्णने विपुल आहेत. हे लेखन राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी झालेले आहे आणि त्यातील माणसांविषयीची मते तशीच स्वीकारण्याजोगी नाहीत, पण दागिन्याचे किंवा भांड्याचे वर्णन तपासण्यास ते उपयोगी आहे. जमिनीची पद्धतही विसरू नये : नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा येथे मालगुजारी (गावाचा सारा मालगुजार भरी) आणि वऱ्हाडात रयतवारी (शेतकरी सारा थेट सरकारला भरी) असल्यामुळे, पूर्वेकडील कथेतील 'गावचा धनी' आणि पश्चिमेकडील कथेतील 'बडा खातेदार' यांच्या घरातील सामान सारखे दिसले, तरी त्यांचा गावावरील अधिकार सारखा नव्हता.

जाहिराती वाचून घ्याव्यात

जाहिरातींची पाने शिल्लक असतील, तर तीही त्याच काळजीने पाहावीत. साबण, केसांचे तेल, घड्याळे, शक्तिवर्धक औषधे, लोखंडी नांगर, कंदील यांची रेषाचित्रे तेथे असतात आणि खाली रुपये-आण्यांत किंमत असते. ती किंमत त्याच दशकातील गॅझेटियरमधील दिवसाच्या मजुरीशी ताडून पाहिली, म्हणजे ती वस्तू कोणाच्या आवाक्यातली होती, हे अंदाजाने न सांगता आकड्याने सांगता येते. कथाचित्रात कोणते सामान गृहीत धरले आहे आणि जाहिरातीत कोणते सामान विकत घ्यायला सांगितले आहे, यांतील अंतर मला फार बोलके वाटते.

या सर्व यादीत काही माणसे आढळणारच नाहीत, किंवा आढळली तर नुसती गर्दी म्हणून आढळतील. तेथे चित्राबाहेर जावे लागते. मोहप्याचे दलित चळवळीतील कार्यकर्ते किसन फागूजी बनसोडे यांनी चालवलेल्या पत्रांसारखे लेखन त्या माणसांच्या बाजूने बोलते, आणि चित्रात रिकामी राहिलेली जागा शब्दांनी दाखवते.

नोंद कशी ठेवावी

खंड सपाट दाबून उघडू नयेत. त्या कागदाला आमच्याकडच्या उन्हाळ्याने आधीच ठिसूळ केलेले असते, आणि पावसाळ्यात कसर व वाळवी लागते. पाठीखाली दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या ठेवून अर्धवट उघड्या स्थितीतच, खिडकीच्या मऊ उजेडात, मोबाइलने फोटो घ्यावा. शेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे माप कळते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, पानांना प्लास्टिकचे वेष्टन तर कधीच चढवू नये, आणि खंडाजवळ फक्त पेन्सिल वापरावी. सबंध पान, मग चित्र, मग भिंगातून दिसणारा एखादा तपशील, असे तीन फोटो पुरे होतात.

प्रत्येक चित्रासाठी एक कागद करावा : मासिक, वर्ष, पृष्ठ, माप, सही, छपाईची पद्धत, मग वस्तूंची यादी, कथेत नसलेल्या वस्तूंवरील खुणा, आसनांची व डोळ्यांची उंची, उजेड-सावलीची तपासणी, आणि शेवटी गावात कोणी काय ओळखले, ते. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीनेच लिहावे, नाहीतर फक्त गाव व अंदाजे वय लिहावे. चित्रे इंटरनेटवर ठेवायची असतील, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो, हे पाहून ठेवावीत; धुरंधरांची चित्रे या हिशेबाने आता मोकळी आहेत. कागदांच्या दोन प्रती कराव्यात. एक ज्या घरातून खंड मिळाला तेथे द्यावी आणि दुसरी तालुक्याच्या वाचनालयात, किंवा यवतमाळच्या शारदाश्रमासारख्या जुने कागद जपणाऱ्या संस्थेत, पावती घेऊन ठेवावी.